कानाची कड

उदगिरात आमच्या गल्लीत मूल जन्माला आलं की आधी लिंगायतांचे स्वामी यायचे आणि लेकराच्या गळ्यात लिंग बांधून जायचे. मग चन्नाक्का यायची. स्वामींना पुढच्या घरी जायची घाई असे, चन्नाक्काला कसलीच घाई नसे. ती बाळंतिणीच्या खोलीत शिरायची, लेकरू उचलायची, दाराच्या उजेडात आणायची, टोपडं वर सरकवायची आणि कानाची वरची कड निरखायची. जन्मलेलं पोर लालबुंद असतं, त्याच्या तोंडावरून काही कळत नाही. पुढं जो रंग येणार तो कानाच्या कडेला आधीच येऊन बसलेला असतो, हे तिचं शास्त्र. बघून झालं की ती निकाल द्यायची, आणि तोही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

निकाल धान्याच्या भाषेत असायचा. तिच्या नवर्‍याचं, बसप्पा मालकांचं, मोंढ्यात आडतीचं दुकान होतं. शेतकर्‍यांचा माल तिथं लिलावात विकला जायचा. चन्नाक्काचा सगळा जन्म मुठीत घेतलेल्या दाण्यांचे रंग ऐकण्यात गेलेला. ती "बन्सी गहू हाय" म्हणाली की घरात पेढे वाटायचे. "हरभर्‍याची डाळ" चालून जायची. "तूर" म्हटलं की आजी जरा गप्प व्हायची. "जवस" म्हटलं की बाळंतीण भिंतीकडं तोंड करायची. आणि "उडीद" निघालं तर लेकरू खाली ठेवताना चन्नाक्का हात पदराला पुसायची. त्यातही मुलगा असेल तर उडीदसुद्धा खपायचं. "पोराला काय करायचाय रंग? दुकान चालवायला रंग लागतोय व्हय?" मुलगी असेल तर ती बाळंतिणीच्या बापाकडं असं बघायची, की त्या माणसानं तिथल्या तिथं दागिने वाढवून द्यावेत.

मी मूळची नांदेडची. उदगिरात मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून आले आणि खोली बघायला चन्नाक्काच्या दारात उभी राहिले. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नांदेडची का? तिथं गंगा हाय म्हणं?"

"हो, आहे ना, गोदावरी."

"मंग आंघोळी करीत न्हाईत का तिथली माणसं?"

मी पुरती उडीद आहे, हे सांगायला कानाची कड बघायची गरज नव्हती. तरी खोली मिळाली. घरात लग्नाचा पोरगा, महादेव, होता आणि तरीही तिनं माझ्यासारख्या तरण्या बाईला खोली दिली, कारण माझा रंग बघून ती निर्धास्त झाली. हे मी तर्कानं म्हणत नाही. तिनं पहिल्याच सोमवारी प्रसाद देताना मला तोंडावर सांगितलं, आणि वर म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका मास्तरीणबाई, तुमचा सोभाव चांगला हाय." मला वाईट वाटलं. पण खोली हवेशीर होती.

पुढं कळलं की माझा आणखीही उपयोग आहे. लिंगायतांच्या घरी सोयरीक जमवायची तर मुलगी बघायला चन्नाक्काला न्यायचे आणि चन्नाक्का मला न्यायची. मला मुलीच्या शेजारी बसवायची. माझ्याजवळ बसवली की समोरच्या मुलीचा रंग नेमका कळतो, असं ती म्हणे. थोडक्यात मी नमुन्याचा दाणा होते. चहा, पोहे आणि एसटीचं भाडं त्यांचं. मीही जात असे. चन्नाक्काचा कार्यक्रम फुकटात बघायला मिळत असेल तर घरी बसून वह्या तपासायच्या कशाला?

मुलीच्या चेहर्‍यावर, मानेवर, कोपरापर्यंत पावडर असते. कानामागं कुणी लावत नाही. चन्नाक्का "बघू बाई, कर्णफुलं कुण्या सोनाराची" असं लाडानं म्हणत मुलीला जवळ ओढायची आणि कान दुमडून मागं बघायची. एकदा देगलूरच्या एका घरी तिची कीर्ती आधीच पोचली होती. त्यांनी कानामागंसुद्धा पावडर थापली होती. चन्नाक्कानं अंगठा जिभेला लावला आणि सरळ कानामागं घासला. मुलगी मात्र हलली नाही. शांतपणे म्हणाली, "आक्का, आलाच हाव तर मळ बी काढून देता का?"

मी पोह्याची बशी तोंडापुढं धरली. चन्नाक्का बधली नाही. "जवस हाय," म्हणाली. तेव्हा ती मुलगी पुढं म्हणाली, "तुमचा पदर सरकवा की जरा. तुमचीबी कर्णफुलं बघू द्या."

चन्नाक्कानं पदर दोन्ही हातांनी हनुवटीखाली घट्ट धरला. "मला कानात वारं लागतंय," एवढं बोलून ती उठलीच.

पदर ती नेहमीच तसा घ्यायची. कपाळाच्या मधोमध, दोन्ही कान झाकून. उन्हाळ्यात, स्वयंपाकात, झोपेतसुद्धा. मी त्या घरात इतकी वर्षं राहिले, पण तिचे कान मला कधी दिसले नव्हते. आणि ती गोरी होती. म्हणजे सगळे तसं म्हणायचे. आता आठवून बघते तेव्हा वाटतं, तिच्या तोंडावर हळदीचा पिवळा हात असायचा, ती माजघराच्या अंधारात बसायची, उन्हात कधी निघायची नाही, आणि गल्लीतली निम्मी घरं बसप्पा मालकांच्या दुकानावर माल घालायची. एवढ्या मोठ्या दुकानाच्या मालकिणीला सावळी कोण म्हणेल? आमच्याकडं गोरेपणाला कातडी लागतेच असं नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि मोंढ्यात कुत्री झोपायला लागली. विकायला दाणाच नव्हता. बसप्पा मालक दुकान उघडून नुसतेच गादीवर बसायचे. मुखेडकडं जाणार्‍या रस्त्याचं सरकारी काम निघालं, त्यावर महादेवला हजेरी घ्यायची नोकरी लागली. कामावर सगळी माणसं आली होती. ज्यांच्या घरच्या बायका कधी उंबर्‍याबाहेर दिसल्या नव्हत्या त्यासुद्धा तोंडाला पदर गुंडाळून खडी फोडत होत्या. शांता तिथंच होती. तिचा बाप तेली, लिंगायत तेली. करडई पिकलीच नाही म्हणून त्याचा घाणा बंद पडला आणि बापलेक हातोडा घेऊन रस्त्यावर आले.

प्रेम कसं जमलं ते मला शांतानंच नंतर सांगितलं. कामाच्या जागी एकच लिंबाचं झाड होतं. महादेव त्याखाली खुर्ची टाकून बसायचा. एक दिवस ही पाणी प्यायला आली आणि म्हणाली, "सायेब, खुर्ची सरकवा जरा. सावली काय तुमच्या दुकानातून आली न्हाई." महादेवनं खुर्ची सरकवली. दुसर्‍या दिवशी खुर्ची आणलीच नाही. मग तो उन्हात उभा राहायला लागला, महिनाभरात कोळशासारखा झाला, आणि घरी चन्नाक्का हवालदिल. त्या वर्षी आम्ही शाळेत पोरींना सरकारी सुकडीचा खाऊ वाटत होतो, गल्लीतल्या तान्ह्या लेकरांना दुधाचा थेंब मिळत नव्हता, आणि चन्नाक्का घरच्या एकुलत्या म्हशीची साय रोज संध्याकाळी पोराच्या तोंडाला चोळत होती. मी ते बघितलंय. मला अजून संताप येतो.

साय वाया गेली. महादेवनं एक दिवस जेवताना सांगितलं, लग्न करीन तर शांताशीच.

चन्नाक्काची मोठी पंचाईत झाली. दर सोमवारी पूजेनंतर ती आम्हा सगळ्यांना सांगायची की गळ्यात लिंग आलं की जात संपली. शांताच्या गळ्यात लिंग होतं. बसप्पा मालक एरवी घरात बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, "तूच सांगत व्हतीस ना?"

"लिंग एकच हाय," चन्नाक्का म्हणाली. "पण कान एक न्हाईत."

लग्न झालं, मठात, पंधरा-वीस माणसांत, दुष्काळाचं निमित्त सांगून. पण लग्नाच्या आदल्या दिवशी चन्नाक्कानं महादेवला देवघरात बोलावून अट घातली. मी बाजूच्या खोलीत होते, आणि तिचा आवाज तर गल्लीच्या मापाचा. "पहिलं लेकरू होऊ दे. कान मी बघीन. आमच्यावानी निघाले तर ती ह्या घरची सून. उडीद निघालं तर बाळंतीण म्हणून जी माहेरी जाईल ती तिथंच र्‍हाईल. निलंग्याची पोरगी मी बघून ठिवलीय, कानासगट." महादेव काही बोलला नाही. त्याच्या या गप्प बसण्यावर मला मनस्वी राग यायचा.

शांता घरात आली आणि मागच्या अंगणात राहिली. पाहुणे आले की चन्नाक्का तिला तिकडं दाणे निवडायला बसवायची. एकदा भालकीकडचे कुणी पाहुणे चुकून मागं गेले आणि विचारलं, ही कोण? चन्नाक्का पटकन म्हणाली, "आमच्या मास्तरणीची बहीण." रात्री शांता माझ्या खोलीच्या दारात आली, हसत होती. "ताई म्हणू ना आता? सासूनं नातं जोडून दिलंय." हसता हसता तिचे डोळे भरले. मीही रडले. त्या दिवसापासून ती मला ताईच म्हणते.

पाऊस आला, दुकान चालू झालं, शांताला दिवस गेले. सातव्या महिन्यात ती माहेरी गेली. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी आणि मग सासरच्यांनी वाजतगाजत आणायला जायचं. आणायला कुणी आलंच नाही तर काय समजायचं, ते सगळ्यांना कळतं. जाताना शांता मला म्हणाली, "ताई, लेकराचे कान कसे असावेत म्हणून कुण्या देवाला सांगायचं ओ?"

मुलगी झाली. बारशाला चन्नाक्का निघाली, बरोबर तिची मुलगी निर्मला, नाव ठेवायला आत्या म्हणून, आणि मी. नमुना लागणारच. चन्नाक्कानं नाव आधीच ठरवलं होतं, गौरी, पण निर्मलाला ताकीद होती, "आधी कान, मंग नाव." महादेव आमच्याबरोबर नव्हता. मागून येतो म्हणाला होता. एसटी त्याच मुखेडच्या रस्त्यानं गेली. खाली उतरल्यावर, न्यायला आलेला शांताचा बाप अभिमानानं म्हणाला, "ह्या वळणावरली खडी आमच्या शांतीनं फोडलीय बगा." चन्नाक्कानं पदर नाकावर धरला.

तेल्याचं घर ते, आत अंधार. चन्नाक्कानं लेकरू उचललं आणि थेट दारात आणलं. अंगणात गावच्या बायका बसल्या होत्या, पाळणा सजला होता. शांता भिंतीला धरून मागं उभी राहिली. चन्नाक्कानं टोपडं सरकवलं, कान दुमडला, उन्हाकडं धरला. मीही बघितलं. खोटं कशाला सांगू, कड काळीभोर होती.

"उडीद," चन्नाक्का म्हणाली. मग अंगणभर नजर फिरवून, "हे आमच्यातलं न्हाई. आमच्या घराण्यात असला कान कुणी बघितला न्हाई. हा घाण्याचा रंग हाय. ज्यांचा हाय त्यांनी ठेवून घ्यावा."

शांताच्या आईनं तोंडात पदर कोंबला. शांता सासूपुढं आली. बारा दिवसांची बाळंतीण, पण तिनं सरळ दोन्ही हात पुढं केले. "आत्या, दाखवून झालं असंल तर लेकरू द्या. ऊन लागून राहिलंय तिला."

तेवढ्यात अंगणाच्या तोंडाशी बैलगाडी थांबली. महादेव खाली उतरला आणि त्यानं दोन्ही हातांवर उचलून एक म्हातारी खाली घेतली. चन्नाक्काची आई. भालकीच्या पलीकडं, कानडी मुलखात, कुठल्याशा खेड्यात राहायची, सगळे तिला आव्वा म्हणायचे. इतक्या वर्षांत चन्नाक्कानं तिला एकदाही उदगिरात आणलं नव्हतं. म्हातारीला प्रवास सोसत नाही म्हणायची. महादेव दोन दिवस एसट्या बदलत जाऊन तिला घेऊन आला होता. पणती बघायला.

"आव्वा, तू कशाला आलीस?" चन्नाक्काचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

म्हातारी खाली बसली. तिनं लेकरू मांडीवर घेतलं, अगदी डोळ्यांपाशी नेलं, बोटानं कान चाचपला आणि दात नसलेल्या तोंडानं खदाखदा हसली. "यव्वा! इदु नम्म करेव्वा!" ही तर आमची करेव्वा. कानडीत करी म्हणजे काळी, हे त्या अंगणातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. पण करेव्वा कोण ते कुणालाच कळलं नाही. म्हातारीनं आपणहून सांगितलं, अर्धं कानडीत, अर्धं आमच्या मराठीत, कौतुकानं. तिला बिचारीला काय माहीत इथं काय चाललंय. "माझी चन्नी अशीच व्हती. अशीच! हेच कान. करेव्वा नाव ठिवलं व्हतं आमी. लग्नात सासरच्यांनी बदललं, चन्नव्वा केलं, चन्न म्हंजी देखणी. हळद चोळून चोळून माझे हात पिवळे झाले बाई, पर कानाला कुठं हळद बसती? बगा की तिचे. ये गं करेव्वा, दाव."

आणि म्हातारीनं लेकीच्या पदराला हात घातला.

चन्नाक्कानं दोन्ही हात कानांवर दाबून धरले. तशीच उभी राहिली, दारात, उजेडात, जिथं ती आयुष्यभर दुसर्‍यांची लेकरं धरत आली होती. अंगणात कुणी हसलं नाही. मला हसायचं होतं, कित्येक वर्षांचं साठलेलं होतं, पण तिच्याकडं बघून ते आलं नाही. तिचं तोंड लहान पोरीसारखं दिसत होतं, घरातल्यांनी पाहुण्यांपुढं येऊ न दिलेल्या पोरीसारखं.

निर्मलानं घाबरत विचारलं, "आई, मंग नाव काय सांगू कानात?" चन्नाक्काला ते ऐकूच गेलं नाही, हात कानांवर होते. महादेव म्हणाला, "गौरी. ठरलंय तेच." मग शांताकडं बघून, "आवरायला घे. आज गाडी आणलीय." मी त्याच्यावरचा राग तिथं सोडला. लहानपणच्या सुट्या त्यानं आव्वाकडं काढल्या होत्या. करेव्वा हे नाव त्याला पहिल्यापासून माहीत होतं. आईला उलटून बोलणं त्याला जमलं नाही, म्हणून तो आईच्या आईला उचलून घेऊन आला.

चन्नाक्का भानावर आली तेव्हा पहिलं वाक्य बोलली ते असं, "सव्वा महिना कोण थांबतंय? आत्ताच न्या सगळ्यांनला." गावच्या बायकांना वाटलं, काय मन मोठं बाईचं. मला वाटलं, म्हातारी आणखी काही सांगायच्या आत तिला गाव सोडायचं होतं. दोन्ही खरं असेल. गाडीत लेकरू तिनं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि टोपडं कानांच्या खाली ओढून नाड्या करकचून बांधल्या.

ते टोपडं पुढं दोन वर्षं निघालं नाही. उदगीरच्या वैशाखात पोरीचं डोकं घामोळ्यांनी फुलून यायचं आणि चन्नाक्का म्हणायची, "वारं लागतंय तिला. आमच्या घरातल्या बायकांचे कान नाजूक." घरातल्या बायका! शांतानं हे ऐकलं, माझ्याकडं बघितलं, आणि पोरीचं टोपडं सैल केलं. निलंग्याच्या मुलीचं पुढं कुठं जमलं ते कुणी विचारलं नाही. चन्नाक्कानं कान बघणं सोडलं नाही, फक्त शास्त्र सुधारलं. "रंग सहाव्या महिन्यात फिरतोय, कानाचं काय खरं न्हाई," असं निकालानंतर पुटपुटायला लागली. मुलगी बघायला मात्र तिनं मला पुन्हा कधी नेलं नाही. पोह्यांची मला सवय झाली होती. माफी तिनं शांताची मागितली नाही, कधीच. मी वाट बघत होते.

पुढं माझी बदली नांदेडकडं झाली. मग लातूर नवा जिल्हा झाला, उस्मानाबादेपासून सुटला, आणि जो तो लातूरला धावायला लागला. नव्या कचेरीत महादेवला जागा मिळाली, घर लातूरला हललं. कामानिमित्त गेले तेव्हा पत्ता शोधत पोचले. नवी वस्ती, झाड एक नाही, घरापुढं उघडं अंगण आणि दुपारचं ऊन. त्या उन्हात बाजेवर चन्नाक्का आडवी झाली होती, शांताच्या मांडीवर डोकं ठेवून. पदर खांद्यावर पडलेला. तिच्या कानात खरंच वारं भरलं होतं, ठणका लागला होता, आणि शांता आपल्या बापाच्या घाण्याचं करडईचं तेल कोमट करून थेंब थेंब सोडत होती. रस्त्यावरून माणसं जात होती. गौरी, सात-आठ वर्षांची, काळीसावळी, केस मागं बांधलेली, कान उघडे टाकून वाटी धरून बसली होती.

मी बघतच राहिले. तेही चन्नाक्कानं ओळखलं, एक डोळा उघडून.

"काय बगून राहिलीस मास्तरीण? उडीद हाय. उडीद." मग नातीला, "करेव्वा, खुर्ची दे बाईंला. उन्हातच टाक, इथं सावली कुठली."

गौरी उठली. चन्नाक्कानं माझ्याकडं बघायला मान वळवली, तेल गालावर ओघळलं. शांतानं ते बोटानं पुसलं आणि सासूचं डोकं पुन्हा आपल्याकडं फिरवलं.

"हलू नका आत्या. आता दुसरा कान."